मुंबईच्या कातळावर कोण कोण राहतं ते बघायचं कसं आणि जपायचं कसं

घरात भिंतीवर कॅलेंडर असेलच, तिथून सुरुवात करा. अमावस्या आणि पौर्णिमा कधी आहे बघा आणि त्या दिवसापासून पुढचे दोन-तीन दिवस पेन्सिलीने गोल करून ठेवा. मुंबईचा समुद्र जवळून बघायचा तर हेच दिवस, कारण उधाण असतं तेव्हा भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटीही लांब जाते, आणि एरवी पाण्याखाली असलेला काळा कातळ तास-दोन तास उघडा पडतो. सप्तमी-अष्टमीच्या आसपास जाऊन उपयोग नाही, तेव्हा भांग असतो, पाणी ना धड वर येत ना धड खाली जात.

मी हे आठ वर्षं करतेय, दर महिन्याला किमान एकदा, आणि तेही बहुतेक वेळा एकाच कातळावर. बरेच जण विचारतात की सुरुवात कशी करायची, कोर्स करावा लागतो का, कॅमेरा कोणता घ्यायचा. कोर्स नको, कॅमेरा मोबाईलचा चालतो. एक गोष्ट मात्र पहिल्यांदाच ठरवून टाका, की जागा एकच घ्यायची आणि तिथे परत परत जायचं. आज हाजी अली, पुढच्या महिन्यात कार्टर रोड, मग जुहू, असं फिरलात तर फोटो छान मिळतील पण समुद्र कळणार नाही. एका जागेवर पावसाळा सोडून वर्षभर गेलात की कुठल्या कपारीत खेकडा बसतो, कुठल्या डबक्यात जानेवारीत अंडी दिसतात, कुठला स्पंज, म्हणजे कातळाला चिकटून राहणारा प्राणी, या वर्षी आक्रसला, हे तुम्हाला कळायला लागतं आणि ते दुसऱ्या कोणालाच माहीत नसतं.

वेळ काढायची कशी

जुन्या लोकांचा एक हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. म्हणजे पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास मुंबईत भरती, आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे पावणेदहाच्या आसपास. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच. अमावस्या-पौर्णिमेला पंधरा धरा, सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती अर्धा-पाऊण तास पुढे सरकलेली असते, त्यामुळे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पडते. घरी बसून अंदाज बांधायला हे झकास आहे. पण कातळावर उतरायचं असेल तेव्हा या हिशेबावर जाऊ नका, छापील किंवा ऑनलाईन टाइड टेबल बघा आणि त्यात दोन आकडे बघा, एक वेळ आणि दुसरा पाण्याची उंची मीटरमध्ये. उंची १ मीटरच्या खाली असेल तरच मी जाते, अर्धा मीटर असेल तर सगळी कामं बाजूला ठेवून जाते.

आता पाणी कसं चढतं ते नीट समजून घ्या कारण यावर जीव अवलंबून आहे. ओहोटी संपल्यावर पाणी सहा-सव्वासहा तास चढतं पण एकसारखं नाही चढत. पहिल्या तासात सगळ्या चढाचा जेमतेम बारावा हिस्सा, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी पाव हिस्सा. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो, म्हणजे तिसऱ्या एका तासात पाणी माणसाच्या कमरेएवढं वाढतं. पहिल्या तासात काही झालंच नाही असं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो, आणि त्यात मागची सखल जागा आधी भरते, तुम्ही उभे असता तो उंचवटा बेट होतो. म्हणून माझा नियम असा की ओहोटीच्या वेळेच्या तास-सव्वा तास आधी उतरायचं, पाणी मागे जाईल तसं पुढे जायचं, आणि ओहोटीची वेळ झाली की अर्ध्या तासात परतीला लागायचं. डबक्यात काहीही सापडलेलं असलं तरी. मोबाईलला गजर लावा, कारण खाली वाकून बघताना वेळ कळत नाही.

मी पहिल्या वर्षी एकटीच जायचे तेव्हा कोळीवाड्यातल्या एक मावशी कालवं, म्हणजे कातळाला चिकटलेली शिंपली, काढायला यायच्या. त्यांनी मला दोन-तीनदा नुस्तं बघितलं आणि मग एक दिवस म्हणाल्या, "पोरी, पान्याकडं पाठ करू नको गं." एवढंच. तेव्हापासून मी खाली बसतानाही समुद्राकडे तोंड करून बसते. एकटं जाऊ नका, हे तर आहेच.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, कातळावर उतरायचंच नाही. लाटा उसळतात, कातळ शेवाळाने गुळगुळीत होतो. त्या चार महिन्यांत वाळूच्या किनाऱ्यावर फिरायचं, त्याचं वेगळं काम आहे, ते पुढे सांगते.

सोबत काय

पायात जुने, घट्ट, मागून बंद असलेले, चांगली पकड असलेले बूट. चपला नको, सँडल नको, अनवाणी तर अजिबात नको. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि एकदा तळपाय कापला की त्यात या शहराचं सांडपाणी जातं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पाण्याची बाटली, टोपी, छोटी टॉर्च, प्लास्टिकची पट्टी, वही आणि पेन्सिल, कारण पेनची शाई पाण्यात पसरते. आणि एक काळी छत्री. ही छत्री उन्हासाठी नाही. डबक्यावर आकाशाचं प्रतिबिंब पडतं त्यामुळे आत काही दिसत नाही, छत्री उघडून वर धरली की पाणी एकदम काचेसारखं होतं आणि तळ दिसतो.

हे झालं की डबक्याजवळ बसा आणि पाच मिनिटं काही करू नका. खरंच घड्याळ लावून पाच मिनिटं. पहिल्या मिनिटाला शेवाळ आणि दगड दिसतात. मग एक शंख चालायला लागतो, तो शंख नसतोच, आत साधू खेकडा असतो. मग दगडाच्या रंगाचा छोटा गोबी मासा जागेवरून सरकतो. तुमची सावली स्थिर झाली की समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, परत उघडतात. मागच्या जानेवारीत असंच बसले असताना डबक्याच्या कडेला मला आधी अंडी दिसली, पांढरी फीत, चकलीसारखी गोल गोल गुंडाळून दगडाला चिकटवलेली, नखाएवढी. आणि तिच्या शेवटच्या टोकाला ती घालणारी, न्यूडिब्रँक म्हणतात ती बिनशंखाची समुद्री गोगलगाय, लांबी फार तर दीड सेंटिमीटर, पाठीवर झुबक्यांसारखे कल्ले, आणि फीत अजून तिच्या अंगातून बाहेर येत होती. मी वीस मिनिटं तिथेच होते. वर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते.

हात लावायचा नाही

हा नियम दोन कारणांनी आहे. एक तुमच्यासाठी. मुंबईच्या कातळावर झोअँथिड नावाचे जीव गालिच्यासारखे पसरलेले असतात, हिरवट-तपकिरी, बटणांसारखे, हाजी अलीच्या कातळावर तर भरपूर. दिसायला निरुपद्रवी, पण या कुळातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं, तो हात डोळ्याला किंवा जखमेला लागायला नको. सुंदर नक्षीचा शंकूसारखा शंख दिसला तर उचलू नका, कोन स्नेल असू शकतो, त्याला विषारी दात असतो आणि काही जातींचा दंश माणसाला मारू शकतो. समुद्रसाप जाळ्यातून किनाऱ्यावर येतात, ते मेल्यासारखे दिसले तरी लांबूनच फोटो. आणि गुडघाभर पाण्यात वाळूवरून चालायचं असेल तर पाय उचलून टाकू नका, घासत घासत पुढे न्या, म्हणजे वाळूत लपलेलं पाकट, शेपटीला काटा असलेला चपटा मासा, आधीच निसटतं. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी पाकटांनी कितीतरी लोकांना काटे मारले होते, ते याच कारणाने, पाकट हल्ला करत नाही, त्याच्यावर पाय पडतो. काटा लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, वेदना कमी होते, आणि तसंच हॉस्पिटलला जायचं, काट्याचा तुकडा आत राहू शकतो.

दुसरं कारण त्यांच्यासाठी. पहिल्या वर्षी मी एक मोठा दगड उलटा करून बघितला. खाली केशरी स्पंज होता, दोन ब्रिटल स्टार, म्हणजे बारीक लांब हातांचे तारामाशासारखे जीव, कुठल्यातरी माशाची अंडी, मी फोटो काढले आणि आनंदाने पुढच्या डबक्याकडे गेले, दगड तसाच ठेवून. दुसऱ्या दिवशी परत आले तर स्पंज उन्हाने वाळून पांढरा पडला होता, अंडी नव्हती. दगडाच्या खालची बाजू म्हणजे सावलीतलं, ओलं घर असतं, ते आकाशाकडे करून ठेवलं की आतले सगळे जातात. मला ते अजून आठवतं. आता मी मोठे दगड हलवतच नाही, लहान दगड उचललाच तर दोन्ही हातांनी, हळू, अर्धा मिनिट, आणि परत त्याच जागी त्याच बाजूने. खाली कोणी असेल तर ते आधी बाजूला होईपर्यंत थांबून.

डबक्यात मासे अडकलेत असं वाटून त्यांना बादलीत घालून समुद्रात सोडणारी प्रेमळ माणसं मी बघितली आहेत. नका करू. ते अडकलेले नसतात, तेच त्यांचं घर असतं, चार तासांनी भरती येणार असते. तसंच शंख घरी नेऊ नका, रिकामा असला तरी. साधू खेकडा वाढतो तसा त्याला मोठा शंख लागतो आणि किनाऱ्यावर चांगले शंख शिल्लक नसले की तो बाटलीच्या झाकणात शिरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि कायदा आहे. मुंबईत प्रवाळ आहेत, हो, मरीन ड्राइव्हच्या, हाजी अलीच्या, वरळीच्या कातळावर. फॉल्स पिलो कोरल नावाचं प्रवाळ तर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या डबक्यांत मिळतं, तळहाताएवढा करडा-गुलाबी थर आणि त्यावर मधाच्या पोळ्यासारखी पांढऱ्या रेघांची जाळी. आजूबाजूला गाळ, प्लास्टिक, वर सी लिंकची रांग, आणि हे तिथे जगतंय. सगळी कठीण प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी हाजी अली आणि वरळीची प्रवाळं परवानगी काढून दुसरीकडे हलवावी लागली ती याच कायद्यामुळे. तुकडा तोडणं तर सोडाच, त्यावर पाय पडू देऊ नका. समुद्री कासवं, डॉल्फिन, देवमासे, समुद्रघोडे, यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे.

नोंद ठेवायची कशी

नुसते फोटो म्हणजे अभ्यास नाही, नोंद म्हणजे अभ्यास. प्रत्येक जिवाचे तीन फोटो घ्या. एक लांबून, म्हणजे तो कुठे बसलाय ते कळतं, कपारीत की वाळूत की शेवाळावर. एक वरून जवळून. एक बाजूने. शेजारी प्लास्टिकची पट्टी ठेवा, आकार कळायला. मोबाईलचं लोकेशन चालू असू द्या आणि तारीख-वेळ बरोबर असल्याची खात्री करा. फ्लॅश नको, टॉर्च तिरकी धरा.

हे फोटो आयनॅचरलिस्ट नावाच्या ॲपवर टाका, फुकट आहे. तिथे जगभरातले जाणकार ओळख पटवायला मदत करतात, आणि ती नोंद संशोधकांना वापरता येते. मरीन लाईफ ऑफ मुंबई हा उपक्रम प्रदीप पाताडे, सिद्धार्थ चक्रवर्ती आणि अभिषेक जमालाबाद यांनी २०१७ मध्ये सुरू केला, त्यांच्या किनारा-फेऱ्या असतात, सामान्य लोकांना बरोबर घेऊन जातात, पहिल्यांदा जाणाऱ्याने खरं तर तिथूनच सुरुवात करावी. एक काळजी घ्या, कासवाचं घरटं किंवा समुद्रघोडा असं काही दिसलं तर लोकेशन उघड ठेवू नका, ॲपमध्ये ते झाकायची सोय आहे, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर बिलकुल टाकू नका.

नाव माहीत नसेल तर अंदाजाने टाकू नका. "स्पंज" एवढंच लिहा, ते खरं असतं. स्पंजची जात नुसत्या फोटोवरून तज्ज्ञांनाही सांगता येत नाही बऱ्याचदा. चुकीच्या नावापेक्षा अर्धवट खरं नाव शंभर पटीने कामाचं.

आता जरा पुढची पायरी, ज्यांना खरंच वर्षभर करायचंय त्यांच्यासाठी, आणि मला यात सगळ्यात जास्त रस आहे. एक चौकट बनवा. प्लंबरच्या दुकानातून पातळ पीव्हीसी पाईप घ्या, अर्ध्या अर्ध्या मीटरचे चार तुकडे, चार एल्बो, झाली चौकट. पाईपला छोटी भोकं पाडा म्हणजे पाणी आत जाऊन ती तरंगणार नाही. मग दर १० सेंटिमीटरवर दोरी बांधा, आडवी आणि उभी, की आत पंचवीस घरं तयार होतात, प्रत्येक घर म्हणजे ४ टक्के. आता तुमच्या कातळावर पाच जागा कायमच्या ठरवा, दोन वरच्या, जिथे पाणी लवकर सरतं, दोन मधल्या, एक अगदी खालची. खूण म्हणून रंग मारू नका की खिळे ठोकू नका, फोटो काढून ठेवा, "मोठ्या फटीपासून तीन पावलं, तोंड मशिदीकडे" असं वहीत लिहा. पावसाळा सोडून दर महिन्याला त्याच जागी चौकट हलक्या हाताने ठेवायची, बरोबर वरून फोटो घ्यायचा आणि मोजायचं, शेवाळ किती घरात, कालवं किती, बार्नेकल, म्हणजे कातळाला चिकटलेले छोटे कवचवाले जीव, किती, नुसता कातळ किती, गाळ किती. बारा घरांत कालवं म्हणजे ४८ टक्के. झोअँथिड किंवा प्रवाळावर चौकट टेकवायची नाही, हातात वर धरून फोटो काढायचा.

पाच चौकटींना पाऊण तास लागतो, दोघं असाल तर कमी. मत्स्यालयाच्या दुकानात साधा थर्मामीटर मिळतो, त्याने डबक्याचं तापमान घ्या. मे महिन्यात दुपारच्या ओहोटीला उथळ डबक्यातलं पाणी हाताला गरम लागतं, आत राहणाऱ्याला ते सोसावं लागतं, हे आकड्यात दिसलं की जास्त लागतं मनाला.

आणि नसलेलंही लिहा. "आज एकही समुद्रफूल दिसलं नाही" ही नोंद आहे. माझ्या वहीत सगळ्यात उपयोगी पानं तीच निघाली, कारण तिसऱ्या चौकटीत एका पावसाळ्यानंतर गाळ बसला आणि स्पंज गेला, आणि मग नक्की कुठल्या महिन्यात परत यायला लागला हे मला सांगता आलं. जवळच एक बांधकाम चालू होतं, त्याच्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही, एका वहीवरून तसं म्हणता येत नाही. पण आधी काय होतं हे कोणीतरी लिहून ठेवलेलं असलं तरच असा प्रश्न विचारता तरी येतो.

पावसाळा, म्हणजे वाळूवरचं काम

जून ते सप्टेंबर जुहू, वर्सोवा, दादर, गिरगाव अशा किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेने चालायचं. भरतीची रेषा म्हणजे जिथे काड्या, फेस, कचरा एका ओळीत पडलेला असतो. त्यात मोरीची, म्हणजे छोट्या शार्कची, अंड्याची पिशवी मिळते, कटलफिशचं पांढरं हाड मिळतं, आणि ऑगस्टच्या सुमाराला ब्लू बॉटल, निळ्या फुग्यासारखे दिसणारे समुद्री जीव. लहान मुलं आधी त्याच्याकडे धावतात, म्हणून दिसले की आजूबाजूच्यांना सांगा, फुगा मेलेला असला तरी त्याचे लांब निळे धागे डसतात. डसलंच तर धागे काठीने किंवा चिमट्याने काढायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, वाळूने घासायचं नाही, मग गरम पाणी, आणि श्वासाला त्रास किंवा चक्कर असेल तर थेट डॉक्टर.

याच दिवसांत कासवं येतात. खवळलेल्या समुद्रात दमलेली, जाळ्याच्या तुकड्यात पाय अडकलेली, ऑलिव्ह रिडले जास्त करून. जिवंत कासव दिसलं की पहिलं काम, वनविभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाईन, १९२६, हा नंबर आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा. मग कासवाला पाण्यात ढकलू नका. सगळ्यांना वाटतं की समुद्राचं आहे तर समुद्रात सोडूया, पण ते आजारी आहे म्हणून तर बाहेर आलंय, कासव फुप्फुसाने श्वास घेतं आणि अशक्त कासव पाण्यात बुडून मरतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं, नाक आणि तोंड मोकळं, खायला काही द्यायचं नाही, गोडं पाणी पाजायचं नाही, उलटं करायचं नाही, उचलताना कवचाच्या दोन्ही बाजूंनी, वल्ह्यासारख्या पायांना धरून नाही. कुत्री आणि सेल्फीवाले लांब ठेवा, हे दुसरं जास्त अवघड असतं. अंगाला गुंतलेलं जाळं स्वतः ओढून काढू नका, मांसात रुतलेलं असतं. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं उपचार केंद्र ऐरोलीला आहे, डहाणूलाही कासवांचं केंद्र आहे, त्यांची माणसं येईपर्यंत धीर धरणं एवढंच आपलं काम.

डॉल्फिन किंवा त्याच्यासारखाच दिसणारा पॉरपॉइज जिवंत असेल तर त्याला पोटावर सरळ ठेवायचं, डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ द्यायची नाही, अंग ओलं ठेवायचं, शेपटीला धरून ओढायचं नाही आणि आवाज कमी. मेलेला असेल तरी १९२६ ला कळवायचं. लांबूनच फोटो घ्या, बाजूने पूर्ण, डोकं, शेपूट, जखमा, आणि अंदाजे लांबी. हात लावू नका, त्यांचे आजार माणसाला लागू शकतात.

आणि मच्छीमारांना एक गोष्ट जरूर सांगा, किंवा विचारा की माहीत आहे का. जाळ्यात कासव, देवमासा, व्हेल शार्क असं संरक्षित काही सापडलं आणि ते जाळं कापून सोडलं, तर महाराष्ट्रात जाळ्याची भरपाई मिळते, २५,००० रुपयांपर्यंत, २०१८ पासून योजना आहे. फोटो किंवा व्हिडिओ लागतो पुरावा म्हणून. एका जाळ्याची किंमत घरच्या महिन्याच्या खर्चाएवढी असते, त्यामुळे "प्राण्यांवर दया करा" असं त्यांना जाऊन सांगण्यापेक्षा तो अर्ज भरायला बसून मदत करा. किनाऱ्यावर कालवं काढणाऱ्या बायकांनाही उपदेश करू नका. त्यांना या कातळाची जितकी माहिती आहे तितकी माझ्या वहीत नाही. विचारा, ऐका, आणि त्यांनी सांगितलेली नावं लिहून घ्या.

साफसफाई

मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं निघून समुद्रात गेली, आणि हा तोच किनारा जिथे आधी कचऱ्यावरून चालावं लागायचं. अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी २०१५ पासून दर आठवड्याला तो उपसला होता. म्हणजे उपयोग होतो. पण करताना काही गोष्टी बघायच्या. वाळूवर मशीन फिरवली की वाळू दबते, आतले खेकडे आणि असलीच तर घरटी मरतात, म्हणून हाताने. जाड हातमोजे, कारण सुया मिळतात. बाटली, डबा, नारळाची करवंटी उचलण्याआधी आत बघा, साधू खेकडा किंवा छोटा मासा असतो. कातळात अडकलेलं जाळं ओढायचं नाही, कात्रीने कापून तुकड्या-तुकड्याने काढायचं, ओढलं की त्याला चिकटलेलं सगळं सोलून निघतं. जे शेवाळ वाहून आलंय ते कचरा नाही, राहू द्या. आणि उचललं ते मोजा, गुटख्याची पाकिटं किती, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे किती, निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या किती, कारण वॉर्ड ऑफिसला आकडे दिले की बोलणं पुढे सरकतं.

हिवाळ्यात मरीन ड्राइव्हला कुरव येतात त्यांना शेव-गाठ्या घालू नका. लांबून प्रवास करून आलेले पक्षी आहेत, त्यांना मासे खायचे असतात, तेलकट मसालेदार पीठ नाही. शेजारी कोणी घालत असेल तर हळूच सांगा, बहुतेक लोक थांबतात, माझा तसा अनुभव आहे.

घरी आल्यावर बूट, पट्टी आणि चौकट गोड्या पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा, म्हणजे एका किनाऱ्यावरचं दुसऱ्या किनाऱ्यावर जात नाही. नोंदी त्याच रात्री टाका. दोन दिवस गेले की कुठला फोटो कुठल्या डबक्यातला हे आठवत नाही आणि सगळी मेहनत अर्धी होते. मग टाइड टेबल उघडा, पुढच्या महिन्यात १ मीटरच्या खालची ओहोटी उजेडात कधी आहे बघा, बरोबर कोण येणार ते विचारून ठेवा, आणि कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा.